बागेच्या वादात शेजाऱ्याने तोंडी धमकी दिली. त्यामागचा गुन्हेगारी हेतू न्यायालयात कसा सिद्ध होतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वेंगुर्ल्याजवळच्या गावी आंब्याच्या बागेच्या हद्दीवरून आपला दिवाणी दावा चालू आहे. शेजारी गडग्यापाशी (हद्दीच्या दगडी कुंपणापाशी) येऊन "दावो काढून घे, नायतर बागेक आग लावतलंय आणि तुका जित्तो सोडूचंय नाय" असे म्हणाला. रेकॉर्डिंग झालेले नाही, आणि आता तो "रागात तोंडातून गेले, मनात काही नव्हते" असे सांगतो. मनात काय होते हे कोणी कसे दाखवायचे, असे आपण विचारता. मी सिंधुदुर्गातल्या तालुका न्यायालयांत वकिली करते आणि अशी प्रकरणे आमच्याकडे सतत येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१ जुलै २०२४ पासून धाकदपटशाचा, म्हणजे गुन्हेगारी धमकीचा, हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये आहे. त्याआधी तो भारतीय दंड संहितेच्या ५०३ आणि ५०६ या कलमांत होता. धाकदपटशाच्या व्याख्येत हेतूचे दोन स्वतंत्र मार्ग आहेत आणि बहुतेक तक्रारदारांचे लक्ष फक्त पहिल्याकडे जाते. पहिला मार्ग म्हणजे समोरच्याला भयभीत करण्याचा हेतू. दुसरा म्हणजे, धमकी अमलात येऊ नये म्हणून समोरच्याने एखादी गोष्ट करणे त्याच्यावर कायद्याने बंधनकारक नसताना ती करावी, किंवा जी करण्याचा त्याला हक्क आहे ती करू नये, असा हेतू. आपले प्रकरण दुसऱ्या मार्गाचे आहे. दावा चालवणे हा आपला हक्क आहे आणि तो सोडायला लावण्यासाठीच ही धमकी होती. व्याख्येखाली कायद्यानेच दिलेले उदाहरण जवळजवळ आपलेच आहे: 'ब' ने दिवाणी दावा चालवू नये म्हणून 'अ' त्याचे घर जाळण्याची धमकी देतो, हा धाकदपटशाचा गुन्हा आहे.

दावा काढून घेण्याच्या या मागणीला मी एवढे महत्त्व देते, कारण नुसत्या शब्दांवर दोषसिद्धी टिकत नाही. माणिक तनेजा प्रकरणात (२०१५) बंगळूरच्या वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर टीका लिहिणाऱ्या दांपत्याविरुद्धचा गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की भयभीत करण्याच्या हेतूवाचून केवळ शब्द उच्चारले म्हणून ५०६ लागत नाही. विक्रम जोहर प्रकरणात (२०१९) घरी येऊन घाणेरड्या शिव्या दिल्याचा आणि मारायला धावल्याचा आरोप होता, तरी गुन्ह्याचे घटक दिसत नाहीत म्हणून आरोपीला दोषमुक्त करण्यात आले. उलट रोमेशचंद्र अरोरा प्रकरणात (१९६०) एका मुलीची नग्न छायाचित्रे प्रसिद्ध करण्याची धमकी देऊन तिच्या वडिलांकडे पैसे मागितले गेले होते. तिथे शिक्षा कायम राहिली, कारण भीती कशासाठी घातली जात होती हे मागणीतूनच उघड होत होते. कोकणातल्या माणसाला हा फरक वेगळा समजवावा लागू नये. आमच्याकडे "मेल्या, तुजो मुडदो पाडीन" असे आजी नातवालाही म्हणते. त्यामुळे शब्द किती भयंकर होते यावर सारा भर दिलात, तर उलटतपासणीत "गावात असे सगळेच बोलतात" एवढेच आपल्याकडून वदवून घेतले जाईल.

म्हणून तक्रार कशी लिहिली जाते ही या प्रकरणांतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि तिथेच सर्वाधिक नुकसान होते. ठाण्यात लिहिला जाणारा ठरीव मजकूर म्हणजे "शिवीगाळ व दमदाटी करून जिवे ठार मारण्याची धमकी दिली". या वाक्यात मागणी नाही, प्रसंग नाही, उच्चारलेले शब्द नाहीत. शेजारी जे बोलला ते त्याच्याच मालवणीत, अवतरणचिन्हांत, जसेच्या तसे लिहवून घ्या. तो कुठे उभा होता, हातात कोयती होती की रिकाम्या हाताने आला होता, आपण काय उत्तर दिले, तो केव्हा निघून गेला, दाव्याची पुढची तारीख कोणती होती, हे सगळे त्यात यायला हवे. पहिल्या तक्रारीत नसलेली गोष्ट दोन वर्षांनी साक्षीत आली, की ती नंतर सुचलेली सुधारणा ठरते.

हेतू प्रत्यक्ष दिसत नसल्याने न्यायालय तो परिस्थितीवरून काढते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६ खाली घटनेआधीचे आणि नंतरचे वर्तन पाहता येते. धमकीनंतर आठवड्याभरात बागेच्या पाण्याची पाइप कापली गेली आणि ती त्यानेच कापल्याचा पुरावा असला, किंवा बागेच्या दुसऱ्या भागीदारालाही त्याने हेच सांगितले असले, तर "रागात बोललो" हा बचाव लंगडा पडतो. कलम १२ खाली मनःस्थिती दाखवणाऱ्या गोष्टी सिद्ध करता येतात. मात्र ती मनःस्थिती याच बाबीसंबंधी असावी लागते. "तो मूळचाच भांडखोर आहे, सगळा वाडा त्याला ओळखतो" ही साक्ष म्हणूनच निरुपयोगी आहे. याच हद्दीवरून त्याने पूर्वी गडग्याचे चिरे ओढले होते, ही साक्ष उपयोगी आहे.

राग हा स्वतःहून बचाव नाही. रागावलेला माणूसही हेतुपूर्वक घाबरवू शकतो. पण भांडणाच्या भरात दोघांनीही एकमेकांना तेच सुनावले आणि पाच मिनिटांनी प्रकरण थंडावले, तर हेतूबद्दल वाजवी संशय उरतो आणि त्याचा फायदा आरोपीला मिळतो. आपणही काही बोलला असाल, तर ते आपल्या वकिलापासून लपवू नका. दारूचेही तसेच. स्वखुशीने प्यायलेल्या माणसाला आपण काय करतो याचे ज्ञान होते असे कायदा धरतो, पण हेतू मात्र नशा किती होती हे पाहून ठरतो.

धमकी बेकायदेशीर क्षतीची असावी लागते, हेही लक्षात ठेवा. "तुका कोर्टात खेचतंय" म्हणणे हा गुन्हा नाही. आपल्या भागात आणखी एक प्रकार चालतो, तो म्हणजे देवळात गाऱ्हाणे घालून देवाचा कोप आणण्याचे भय. ज्यांना हे हास्यास्पद वाटते त्यांनी न्याय संहितेचे कलम ३५४ वाचावे. असे भय घालून एखाद्याला काही करायला किंवा सोडायला लावणे, किंवा तसा प्रयत्न करणे, हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे.

रेकॉर्डिंग नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही. विश्वासार्ह साक्षीदार एकच असला तरी चालतो, आणि नातेवाईक असल्यामुळे साक्ष आपोआप फेटाळली जात नाही. त्या वेळी बागेत कामाला असलेले गडी, वाटेने जाणारा कोणी, किंवा ज्याला आपण त्याच संध्याकाळी फोन करून हकीकत सांगितली तो मुंबईचा भाऊ, या सर्वांची नावे तक्रारीत द्या. भावाने धमकी ऐकलेली नाही, तरी आपण लगेच तसेच सांगितले होते याची पुष्टी त्याच्याकडून मिळते. पुढे शेजाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी संदेश पाठवला, तर तो पुसू नका आणि मूळ फोन बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत द्यायची असल्यास साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. ही सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या खोतकर प्रकरणात, जुन्या कलम ६५-ब खाली, पक्की केली आहे.

साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जीव घेण्याच्या किंवा आग लावून मालमत्ता नष्ट करण्याच्या धमकीला सात वर्षांपर्यंत, आणि आपल्या प्रकरणात या दोन्ही आहेत. तरीही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाच्या कायद्याच्या) पहिल्या अनुसूचीत हा गुन्हा अदखलपात्र आहे. त्यामुळे ठाण्यात एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवून घेतील आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होणार नाही. तो आदेश कलम १७४ खाली मागता येतो, किंवा कलम २२३ खाली आपण स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे खासगी फिर्याद दाखल करू शकता. तिथे दखल घेण्यापूर्वी शेजाऱ्यालाही म्हणणे मांडण्याची संधी मिळते, तेव्हा कागद आधीच नीट लावून ठेवा. आंब्याचा हंगाम तोंडावर असेल आणि आगीची भीती खरी वाटत असेल, तर फौजदारी निकालाची वाट न पाहता कलम १२६ खाली, म्हणजे ज्याला आपण चॅप्टर केस म्हणतो त्या मार्गाने, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडून शेजाऱ्याचे शांतता राखण्याचे बंधपत्र घ्यायला लावा, आणि त्या अर्जाला एन.सी.ची प्रत जोडा.