हिराकस फवारला, दाण्यात लोह किती गेलं?

प्रश्न : सुनेचं हिमोग्लोबिन 8 वर आलंय, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. आमच्या काळ्या रानात खरिपाला उडीद-मूग असतो. कोवळी पानं पिवळी पडली की मालक हिराकस (लोहाचा क्षार, फेरस सल्फेट) फवारतात. त्यानं दाण्यातलं लोह वाढतं का? जास्त लोहाचं बियाणं मिळतं का?
— एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर : ताई, आधी गोळ्यांचं. त्या बंद करू नका, आणि सूनबाईंची पुढची रक्ततपासणी चुकवू नका. 8 वरून वर यायला नुसता आहार पुरणार नाही.

आता रानाचं. आपल्या काळ्या जमिनीत लोह भरपूर आहे, पण चुनखडीमुळे ते मुळांना मिळत नाही. म्हणून शेंड्याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हिराकस फवारला की पान हिरवं होतं, पीक सावरतं. तेवढ्यासाठी तो जरूर वापरा. मात्र पानावर पडलेलं लोह झाडात फारसं पुढे सरकत नाही, त्यामुळे दाण्यात भर पडेल असा भरवसा धरू नका. दाण्यात किती लोह साठवायचं हा त्या वाणाचा गुण असतो. हे काम बियाण्यातच व्हावं लागतं.

मसुरात ते झालंय. कानपूरच्या कडधान्य संशोधन संस्थेचं आयपीएल 220 हे वाण 2018 चं. त्याच्या एका किलोत 73 मिलिग्रॅम लोह असतं, नेहमीच्या मसुरात 45 ते 50. पण ते बिहार-बंगालकडच्या हवामानासाठी आहे, अमळनेरला पेरू नका. आपल्या घरात रोज शिजतो तो उडीद. त्याच्या वाणांसाठी असंच नेटानं काम व्हावं, ही माझी फार दिवसांची तळमळ आहे.

तोवर भाकरीकडे वळा. बाजरीचं फुले महाशक्ती हे संकरित वाण आपल्या धुळ्यातच तयार झालं, तेही 2018 मध्येच. त्यात किलोमागे 87 मिलिग्रॅम लोह आहे. संकरित असल्यामुळे बियाणं दरवर्षी नवं घ्यावं लागतं. घरचं बी राखायचं असेल तर धनशक्ती ही संकरित नसलेली बाजरी घ्या, तीही जास्त लोहाचीच. पेरणीआधी धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात बाजरी संशोधनाकडे चौकशी करा.

आणि ताटातलं. कडधान्यात फायटेट असतं, ते लोहाला धरून ठेवतं आणि आतड्यात शोषू देत नाही. भिजवून मोड आणले की ते कमी होतं, म्हणून सूनबाईंना मूग मोडाचेच द्या. उडदाची दाळ असो की कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, सोबत लिंबाची फोड हवीच. कच्ची पिळायची, फोडणीत नाही. जेवणाला लागून चहा मात्र नको. आपल्याकडे जेवण झालं की लगेच चहाचं आधण चढतं. सूनबाईंचा कप तासाभरानं करा. गोळीही चहाबरोबर घेऊ देऊ नका.