दिवाळीच्या सुटीत नेपाळला शिकवायला जावं का?

प्रश्न : आम्ही चौघी मैत्रिणी. दोघी शिक्षिका, एक चित्रकार, एक बँकेत. दिवाळीच्या सुटीत नेपाळमधल्या डोंगरातल्या एखाद्या शाळेत शिकवायचं आणि जोडीला फिरायचं, असा बेत आहे. एका संस्थेने पॅकेज दिलंय : शाळा, बालगृहाला भेट आणि पोखरा. पैसे बरेच मागताहेत. जावं का? आणि बँकवाली म्हणते, ‘मला शिकवता येत नाही, मी येऊन काय करू?’
– सायली, नाशिक

उत्तर : सायली, जरूर जा. पण दिवाळीत नको, त्या पॅकेजमधून नको, आणि बालगृहात तर मुळीच नको.

आपली दिवाळी म्हणजे त्यांचा तिहार, आणि त्याच्या थोडं आधी दसैं, म्हणजे त्यांचा दसरा. या सणांना शाळा बंद असतात, शिक्षक आपापल्या गावी गेलेले असतात. तुम्हाला शाळेचं कुलूपच बघावं लागेल. तुम्ही मे महिना धरा. नेपाळचं शालेय वर्ष त्यांच्या वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. (त्यांचे महिने सौर आहेत, आपल्या कालनिर्णयशी ताळा घालत बसू नका.) सुरुवातीचे दिवस प्रवेश आणि पुस्तकांत जातात. मेच्या मध्यापर्यंत वर्ग रुळतात, आणि तुम्ही दोघी सुटीवरच असता. जूनच्या मध्यानंतर पाऊस लागला की डोंगरातल्या रस्त्यांवर दरडी येतात, त्याच्या आत परत या.

बालगृहाचं सांगते. नेपाळमधल्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. शिक्षणाच्या आशेने गरीब घरची मुलं तिथे पाठवली जातात आणि पाहुण्यांपुढे अनाथ म्हणून उभी केली जातात. पर्यटक जिथे जास्त, तिथेच अशी गृहंही जास्त, हा काही योगायोग नव्हे. तुमच्या पैशाने हा धंदा चालू राहतो. दर पंधरवड्याला नवी ताई येऊन लळा लावून जाते, ते वेगळंच.

शाळेचं तसं नाही. तिथे मुलं संध्याकाळी घरी जातात. मी मैत्रिणींबरोबर मध्य नेपाळमधल्या लमजुंग जिल्ह्यात, गुरुंग या डोंगरी जमातीच्या एका गावात राहिले होते. कामासाठी माणसं आखातात, मलेशियात नाहीतर काठमांडूत गेलेली, त्यामुळे पट रोडावलेला. तिसरी-चौथी एकाच खोलीत बसायची. बाई एकच. त्या चौथीचं गणित घ्यायच्या तेव्हा मी तिसरीला घेऊन ओसरीवर बसायचे. एक मुलगा इंग्रजीचा धडा धडाधडा वाचायचा. नीट पाहिलं तर बोट दुसऱ्याच ओळीवर! पान हाताने झाकलं, तरी वाचन चालूच. सगळा धडा पाठ. मग आम्ही धडा शेवटच्या शब्दापासून उलटा वाचायला लागलो. पोरं हसून लोळली, पण प्रत्येक शब्द बघणं भाग पडलं. बाईंना ते आवडलं, त्यांनी उचललं.

म्हणून तुम्ही आख्खा वर्ग अंगावर घेऊ नका. शिक्षकांना सुटी देऊन तुम्ही उभ्या राहिलात की तुम्ही निघाल्यावर गाडी पुन्हा तिथेच. त्यांच्या शेजारी बसा. लिपी देवनागरीच आहे, नेपाळी पुस्तक तुम्हाला वाचता येईल. अर्थ मुलं सांगतील, मास्तर व्हायला त्यांना फार आवडतं. चित्रकार मैत्रिणीला सांग, भिंती रंगवण्याआधी मुख्याध्यापकांना विचार. रंगीत भिंतींची हौस पाहुण्यांनाच जास्त असते. वह्या-पेन्सिली इथून वाहून नेऊ नका, लमजुंगचं जिल्ह्याचं ठिकाण बेसीसहर, तिथल्या दुकानातून घ्या.

शाळा शोधायची कशी? 2015 च्या राज्यघटनेनंतर शालेय शिक्षण स्थानिक पालिकांकडे आलंय. आधी मुख्याध्यापकांशी बोला, मग गाउँपालिकेच्या शिक्षण शाखेला पत्र द्या. संस्थेला देणार ते पैसे होमस्टेवालीला द्या. नाचणीचा ढिंडो (घट्ट उकड) आणि गुंद्रुक (आंबवून वाळवलेला पाला) ती प्रेमाने वाढेल.

फिरणं शनिवारी. तिथे साप्ताहिक सुटी शनिवारची, रविवारची नव्हे. (25 एप्रिल 2015 चा भूकंप शनिवारी दुपारी झाला, म्हणून वर्ग रिकामे होते. शेजारच्या गोरखा जिल्ह्यात शाळाच्या शाळा पडल्या होत्या.) एका शनिवारी लमजुंगमधल्याच घलेगावला चढून जा, आकाश उघडं असेल तर अन्नपूर्णेची रांग समोर. दुसऱ्या शनिवारी बंदीपूर. महामार्गावरच्या डुम्रेहून वर गेलं की नेवार समाजाची जुनी बाजारपेठ, रस्त्यावर गाड्या नाहीत. पोखरा परतीच्या वाटेवर ठेवा. वाटेत एखादे भारतीय सैन्यातले निवृत्त आजोबा भेटले तर हिंदीत गप्पा मारतील, बसायची तयारी ठेवा.

नाशिकरोडहून गोरखपूरला थेट रेल्वे आहे. पुढे बसने सीमेवरचं सुनौली, मग पलीकडे नेपाळातलं भैरहवा, तिथून पोखऱ्याची बस. व्हिसा लागत नाही. विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, तुमच्या वयाला आधार चालत नाही.

राहिली बँकवाली. तुमच्यात सगळ्यात उपयोगाची तीच! भारतीय 1 रुपयाला नेपाळी 1.60 हा दर 1993 पासून ठरलेला आहे, आणि गावात घरोघरी परदेशातून पैसे येतात. शेकडेवारी, व्याज, पैसे पाठवण्याचं शुल्क, हे सगळं आठवी-नववीच्या गणिताच्या तासाला सरांच्या जोडीने तिला घेऊ दे. फक्त तिला मेमध्ये सुटी नसते, तेव्हा रजेचा अर्ज आत्ताच टाकायला सांग.