आठवत नाही, म्हणजे वेड लागलं का?

प्रश्न : माझे पती शिंपी आहेत. २०१५पासून एचआयव्हीच्या गोळ्या घेतात. मध्ये दोन वर्षं बंद होत्या. हल्ली माप घेतात आणि वहीत लिहायच्या आत विसरतात. काजं करताना हात अडखळतो. कुणाशी बोलत नाहीत. सासूबाई म्हणतात, वेड लागलंय. खरं का?
– एक भगिनी, जि. सांगली

उत्तर : ताई, हे वेड नव्हे. लागण झाल्यावर काही आठवड्यांतच हा विषाणू मेंदूत पोहोचतो. तिथल्या संरक्षक पेशींत तो ठाण मांडतो आणि त्या दाहाने शेजारच्या चेतापेशी दुखावतात. म्हणून विचार मंदावतो, लक्ष टिकत नाही, बोटांचं कसब उणावतं. नियमित औषधांमुळे तीव्र स्मृतिभ्रंश आता क्वचितच दिसतो. सौम्य त्रास मात्र उरू शकतो. तुमच्या पत्रातली ती दोन वर्षं मला सर्वांत काळजीची वाटतात.

एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) आणि सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) तपासून घ्या. बी-१२ व थायरॉईडही. गोळ्यांची बाटली सोबत न्या. जुन्या उपचारातल्या एफाविरेन्झ या औषधाने काहींना भीतीदायक स्वप्नं पडत, उदासी येई. अबोला हे नैराश्यही असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

तीव्र डोकेदुखी, ताप, झटका (फिट) किंवा एका अंगाची कमजोरी दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सीडी-४ २००च्या खाली असताना मेंदूज्वराचा धोका मोठा असतो.

तोवर दुकानात माप त्यांनी मोठ्यानं सांगावं, वहीत तुम्ही लिहावं. काम सोडायला लावू नका.