व्हिसा फेब्रुवारीपर्यंत, पण दिवस उरलेत पंधराच

प्रश्न : मी ६३ वर्षांची आहे. मुलगी आणि जावई जर्मनीत असतात. मला जर्मनीच्या वकिलातीने एका वर्षाचा मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांत चालणारा) दिला आहे. तो १ मार्चपासून पुढच्या वर्षीच्या २८ फेब्रुवारीपर्यंत आहे आणि त्यावर ९० दिवस असं छापलं आहे. मुलीच्या बाळंतपणासाठी मी १२ मार्चला तिथे पोहोचले आणि २५ मेला तिथून निघाले. आता १ ऑगस्टला मिस्टरांना घेऊन पुन्हा जायचं आहे. आधी अकरा दिवस पॅरिस आणि इटली, नंतर मुलीकडे. परतीचं तिकीट ९ सप्टेंबरचं आहे. दोघांची तिकिटं काढून झाली आहेत. एजंट म्हणतो, प्रत्येक एंट्रीला नवे ९० दिवस मिळतात. फारच शंका असेल तर मध्ये दोन दिवस स्वित्झर्लंडला जाऊन या, तो देश युरोपियन युनियनमध्ये नाही, म्हणजे मोजणी नव्याने सुरू होईल. मुलगी म्हणते, दिवस कमी पडले तर इथे आल्यावर वाढवून घेऊ. मिस्टरांचा व्हिसा अजून व्हायचा आहे. फ्रान्सची अपॉइंटमेंट लवकर मिळाली, ती पुढच्या आठवड्यात आहे. त्यांचा पासपोर्ट २० नोव्हेंबरला संपतो, पण तोवर आम्ही परत आलेले असू. आम्ही निर्धास्त जावं का?

उत्तर : ताई, ठरलेल्या तारखांना जाऊ नका. तुम्ही निघण्याआधी विचारलंत हे फार बरं केलंत, कारण आज जूनच्या मध्याला यातली प्रत्येक गोष्ट दुरुस्त करता येते. १ ऑगस्टला विमानतळाच्या खिडकीसमोर उभं राहिल्यावर यातलं फारसं काही हातात राहणार नाही.

पासपोर्ट उघडा आणि व्हिसाचं स्टिकर समोर ठेवा. व्हिसा जर्मनीने दिलेला असल्याने छापील शब्द जर्मनमध्ये असतील, पण आकडे तुम्हाला वाचता येतील. तिथे दोन तारखा आहेत, 'मल्ट' असं लिहिलं आहे आणि ९० हा आकडा आहे. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. दोन तारखा म्हणजे या काळात तुम्ही दारातून आत जाऊ शकता आणि याच काळात बाहेरही पडायचं असतं. 'मल्ट' म्हणजे हव्या तितक्या वेळा जाऊ शकता. आणि ९० म्हणजे आत राहण्याचे दिवस. ते दर फेरीला नव्याने मिळत नाहीत. कोणत्याही १८० दिवसांत सगळ्या फेऱ्या मिळून ९०, असा शेंगेन सीमा संहितेचा, म्हणजे २०१६ च्या ३९९ क्रमांकाच्या नियमावलीचा, सहाव्या कलमातला नियम आहे. तुमच्या एजंटने 'मल्ट' आणि ९० यांचा गुणाकार केला. ही चूक मी वर्षानुवर्षं पाहतो आहे आणि तिची शिक्षा एजंटला कधीच होत नाही, ती प्रवाशालाच होते.

आता तुमचे दिवस मोजू. पोहोचण्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस, दोन्ही पूर्ण धरतात. रात्री मोजायच्या नाहीत, तारखा मोजायच्या. १२ ते ३१ मार्च २० दिवस, एप्रिलचे ३०, मे महिन्याचे २५. एकूण ७५ झाले. उरले १५.

मोजण्याची पद्धतही समजून घ्या. १८० दिवसांचा काळ जानेवारीपासून किंवा तुमच्या पहिल्या फेरीपासून सुरू होत नाही. तिथे असलेल्या प्रत्येक दिवशी अधिकारी त्या तारखेवर बोट ठेवतो आणि ती तारीख धरून मागे १८० दिवस जातो. त्या टप्प्यात तुम्ही किती दिवस आत होता, हे तो बघतो. १ ऑगस्टला गेलात तर १५ ऑगस्टला मागे वळून पाहिल्यावर नजर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जाते. तुमचे सगळे ७५ दिवस त्यात येतात, अधिक हे १५, म्हणजे बरोबर ९०. १६ ऑगस्टला तुम्ही बेकायदा रहिवासी होता. व्हिसा फेब्रुवारीपर्यंत असूनही होता.

तिथून पुढे ९ सप्टेंबरपर्यंत राहिलात तर काय होईल? दंड, परत पाठवण्याचा आदेश आणि सोबत प्रवेशबंदी, असं काहीही होऊ शकतं. किती कडक वागायचं ते त्या त्या देशाचा कायदा ठरवतो, पण बंदी काही वर्षांची असू शकते आणि ती सगळ्या शेंगेन देशांत लागू होते. नातवंड तिथे असताना तुमच्यावर अशी बंदी यावी, ही कल्पनाच मला सहन होत नाही. आणि आता 'कोणी बघत नाही' हा भरवसाही राहिलेला नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे एंट्री-एक्झिट सिस्टिम, म्हणजे प्रवाशांची ये-जा संगणकावर नोंदवणारी यंत्रणा, टप्प्याटप्प्याने लागू झाली आहे. पूर्वी अधिकारी शिक्के चाळून बोटांवर दिवस मोजायचा, आता यंत्रणाच मोजते आणि मुदतीबाहेर राहिलेल्यांची यादीही तीच काढते.

तरी तुमच्या बाबतीत गोष्ट बहुधा १६ ऑगस्टपर्यंत जाणारच नाही. १ ऑगस्टला आत शिरतानाच अधिकारी परतीचं तिकीट मागेल. ७५ दिवस आधीचे आणि पुढचं तिकीट ४० दिवसांचं, म्हणजे ११५. तो तिथेच प्रवेश नाकारू शकतो. तेव्हा हातात एक छापील अर्ज देतात, त्यावर नकाराच्या कारणांपुढे चौकोन असतात आणि लागू असलेल्या कारणावर खूण केलेली असते. नकाराविरुद्ध अपील करता येतं, पण अपील चालू आहे म्हणून आत सोडत नाहीत. अपिलाच्या निकालाची वाट परत येऊन बघायची असते. मिस्टर आत, तुम्ही बाहेर आणि मुलगी विमानतळाच्या दाराशी वाट बघत उभी, असा प्रसंग ओढवू शकतो.

स्वित्झर्लंडचा उपाय तर मुळातच चुकीचा आहे. तो देश युरोपियन युनियनमध्ये नाही हे खरं, पण शेंगेनमध्ये आहे. शेंगेनमध्ये २९ देश आहेत आणि त्यात स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन हे युनियनबाहेरचे चार देश आहेत. तिथे काढलेले दोन दिवस तुमच्या ९० मधूनच जातील. आणि खरोखर शेंगेनबाहेर गेलात, समजा लंडनला, तरी मोजणी शून्यावर येत नाही. बाहेर असलेले दिवस मोजत नाहीत, एवढंच. शिवाय लंडनचा व्हिसा वेगळा लागतो.

मुलीचं म्हणणं अर्धं खरं आहे. व्हिसा संहितेच्या ३३ व्या कलमात मुदतवाढ आहे. पण ती अनपेक्षित संकटासाठी किंवा मानवतेच्या कारणासाठी आहे. अचानक इस्पितळात दाखल व्हावं लागलं, विमानसेवाच बंद पडली, अशा वेळी ती विनामूल्य मिळते. गंभीर वैयक्तिक कारण असेल तर ३० युरो फी घेऊन विचार करतात. मुदत संपायच्या आत अर्ज करावा लागतो आणि कारणाचा पुरावा द्यावा लागतो. 'तिकीट आधीच काढलं होतं' हे कारण त्यात कुठेच बसत नाही. घरून निघतानाच दिवस जास्त होणार हे माहीत असलेल्या माणसाला कुठला अधिकारी मुदतवाढ देईल?

मग जायचं कधी? इथे हाच नियम तुमच्या बाजूने वळतो. तुमचे मार्चमधले दिवस कधीतरी १८० च्या टप्प्यातून मागे पडायला लागतात. १२ मार्च हा दिवस ८ सप्टेंबरला बाहेर पडतो, ९ सप्टेंबरला १३ मार्च आणि तिथून पुढे रोज एकेक. म्हणजे ८ सप्टेंबरनंतर तुम्ही तिथे असलात तर रोज एक दिवस जमा आणि एक दिवस वजा, बेरीज जागच्या जागी राहते. १० सप्टेंबरला पोहोचलात तर त्या दिवशी तुमच्या नावावर ७३ दिवस असतील आणि १९ ऑक्टोबरला, चाळिसाव्या दिवशी, निघतानाही ७३ च असतील. सतरा दिवस शिल्लक ठेवून अख्खी सहल होते. कागदावर २४ ऑगस्टलाही तिथे पोहोचता येईल. त्या हिशेबाने ७ सप्टेंबरला तुम्ही ९० वर पोहोचता आणि परतेपर्यंत ९० वरच राहता. कायद्यात बसतं, पण मी माझ्या आईला तसं जाऊ दिलं नसतं.

त्याचं कारण सांगतो. माझ्या एका अशिलांनी नेमके ९० दिवस मोजून परतीचं तिकीट काढलं होतं. विमान रात्रीचं. संध्याकाळी उशीर जाहीर झाला म्हणून ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले आणि पासपोर्ट तपासणीला मध्यरात्र उलटून वीस मिनिटांनी गेले. शिक्क्यावर पुढची तारीख पडली. ९१. पुढच्या व्हिसाच्या वेळी त्या वीस मिनिटांचा खुलासा करायला एअरलाइनचं उशिराचं पत्र, बोर्डिंग पास, सगळं जमवत आम्ही महिनाभर धावपळ केली. व्हिसा मिळाला, पण त्या गृहस्थांची झोप उडाली होती. तुमचेही मार्च आणि मे महिन्यांतले बोर्डिंग पास सापडले तर जपून ठेवा. आणि माझ्या हिशेबावर विसंबू नका. युरोपियन कमिशनच्या संकेतस्थळावर दिवस मोजण्याचं मोफत गणकयंत्र आहे, त्यात तारखा भरून स्वतः पाहा.

आता मिस्टरांचा पासपोर्ट. पत्रात तुम्ही हे शेवटी, सहज लिहिलंय, पण मला सगळ्यात आधी खटकलं ते हेच. पासपोर्ट परतीच्या दिवशी चालू असून भागत नाही. शेंगेनमधून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने तो चालू लागतो आणि गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा लागतो. ९ सप्टेंबरला निघायचं तर ९ डिसेंबरपर्यंत हवा. तो २० नोव्हेंबरला संपतोय. या पासपोर्टवर व्हिसाचा अर्ज केलात तर तो मुळात दाखल करून घेण्यासारखाच नाही. म्हणून पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट सोडा आणि आधी पासपोर्टचं नूतनीकरण करा. आणि तुमच्या स्वतःच्या पासपोर्टचीही तारीख आजच बघा, तोच नियम तुम्हालाही आहे.

ती अपॉइंटमेंट सोडायला दुसरंही कारण आहे. अर्ज जिथे लवकर नंबर लागतो तिथे करायचा नसतो, जिथे जास्त दिवस राहणार तिथे करायचा असतो. अकरा दिवस फ्रान्स आणि इटली मिळून, बाकी सगळे जर्मनीत, म्हणजे अर्ज जर्मनीकडेच. फ्रान्सच्या अर्जात सहलीचे दिवस फुगवून दाखवू, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. प्रवासाचा हेतू खोटा सांगितला, असा शेरा एकदा पडला की पुढच्या प्रत्येक अर्जात त्याचा जाब द्यावा लागतो. खरं तेच सांगा, मुलीकडे राहणार आहोत, हे कारण पुरेसं भक्कम आहे. मुलीने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून अधिकृत हमीपत्र काढून पाठवलं तर खर्चाची बाजू त्याने भागते. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण चौकशी लांबली तर ४५ लागू शकतात. नवा पासपोर्ट हातात येऊन जुलैच्या मध्याला अर्ज गेला, तर अगदी ४५ दिवस लागले तरी ऑगस्टअखेर निकाल येतो. १० सप्टेंबरची तारीख मी त्यासाठीही सुचवतो आहे, ती तुमच्या दोघांच्या अडचणींना एकाच वेळी पुरते. मिस्टरांची मोजणी वेगळी आहे, ते पूर्वी गेले नसल्याने त्यांच्या नावावर शून्य दिवस आहेत. त्यांच्या स्टिकरवर मात्र ९० ऐवजी कमी दिवस छापून येऊ शकतात. व्हिसा आला की तो आकडा आधी वाचा.

तिकिटांचं नुकसान होईल, हे मान्य. एअरलाइनला आजच लिहा, रद्द करू नका, तारीख बदलून मागा. तो खर्च बहुतेक वेळा कमी असतो. एजंटने 'प्रत्येक एंट्रीला नवे ९० दिवस' हे व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर लिहिलं असेल तर त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. तोंडी सांगितलं असेल तर आज एक साधा मेल टाका : 'आपण अमुक तारखेला मला असं सांगितलंत, त्यावरून मी तिकिटं काढली, ते चूक असल्याचं कळलं, तारीख बदलण्याचा खर्च आपण द्यावा.' पैसे घेऊन दिलेला चुकीचा सल्ला ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतली त्रुटी ठरू शकते. तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे ही घाई नाही. घाई पासपोर्टची आहे. त्याची अपॉइंटमेंट उद्या सकाळी घ्या, आणि एअरलाइनकडून नव्या तारखांचं उत्तर आलं की मला कळवा, दिवस पुन्हा एकदा मोजून देईन.