करिअर मार्गदर्शन : गिरण्या बंद पडलेल्या शहरात मुलीला शिकायला पाठवावे का?

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुमची मुलगी बायोमेडिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन एमएससाठी अमेरिकेला निघाली आहे. तिला बोस्टनमधील एका विद्यापीठात आणि ओहायो राज्यातील क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे, आणि क्लीव्हलंडकडून शुल्कात सवलतही मिळते आहे. पण त्या शहरातील पडक्या घरांची दृश्ये तुम्ही पाहिलीत आणि तुमचा जीव धास्तावला. तुमचे वडील परळच्या गिरणीत साचे खात्यात होते, आणि १९८२ च्या संपानंतर घराची झालेली परवड तुम्ही लहानपणी पाहिली आहे. म्हणून तुम्ही विचारता की, ज्या शहरातून कामगारच निघून गेले, तिथे आपल्या मुलीने भवितव्य शोधायला का जावे.

माझे मत आधी सांगते, कारण तुमच्याकडे दिवस थोडे आहेत. या मुलीने, या विषयासाठी, क्लीव्हलंडला जावे. ती संगणकशास्त्राला जात असती किंवा प्रवेश यंग्सटाउन या जवळच्याच पोलादाच्या शहरात मिळाला असता, तर मी असे सांगितले नसते. हा फरक का पडतो, हे समजले की तुमची भीती कुठे खरी आहे आणि कुठे नाही, हे तुम्हालाच ठरवता येईल.

भीतीला आधार आहे. १९५० मध्ये क्लीव्हलंडची लोकसंख्या ९ लाख १४ हजार होती. २०२० च्या जनगणनेत ती ३ लाख ७२ हजार भरली. याच काळात डेट्रॉईट साडेअठरा लाखांवरून ६ लाख ३९ हजारांवर आले. पोलादाचे आणि मोटारींचे कारखाने काही बंद झाले, काही दक्षिणेकडील राज्यांत गेले, काही ठिकाणी यंत्रांनी माणसांची जागा घेतली. आणि नवे महामार्ग झाल्यावर ज्यांना परवडत होते, त्यांतही मुख्यतः गोरी कुटुंबे, उपनगरांत राहायला गेली. कृष्णवर्णीय कुटुंबांना घरकर्ज नाकारले जात होते, त्यामुळे ती जुन्या वस्त्यांत अडकली. शहराच्या दारिद्र्याचा मोठा भाग त्या अन्यायातून आला आहे आणि मुलीने तिथे जाण्याआधी हे वाचून जावे. पण एवढे लक्षात घ्या, की माणसे शहराच्या हद्दीतून गेली, परिसरातून सगळी गेली नाहीत. उपनगरे धरली तर क्लीव्हलंड परिसराची वस्ती आजही सुमारे वीस लाख आहे.

गिरणगावाशी तुम्ही केलेली तुलना एका जागी मोडते, आणि तिथेच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. आपल्या गिरण्या बंद झाल्या तेव्हा मुंबईत जागेची टंचाई होती, म्हणून चिमण्या पडल्या आणि त्या जागी मनोरे आले. कामगार देशोधडीला लागला, पण जमिनीचा भाव चढतच गेला. क्लीव्हलंडमध्ये कामाबरोबर जागेची मागणीही गेली. घरे रिकामी पडली, पाडली गेली, त्यांच्या जागी गवत उगवले. म्हणून तिथे भाडे कमी आहे. बोस्टनमध्ये तिघी-चौघींनी मिळून एक घर घेतले, तरी प्रत्येकीला जेवढे भाडे पडते, तेवढ्यात क्लीव्हलंडमध्ये बऱ्याचदा स्वतंत्र खोली मिळते. दोन वर्षांच्या कर्जावर याचा परिणाम मोठा होतो, आणि कर्ज हलके असले की पहिली नोकरी निवडताना मान मोकळी राहते.

पण या स्वस्ताईची किंमत कुणीतरी मोजत असते. लोक गेले तरी जलवाहिन्या, गटारे आणि रस्ते तेवढेच राहतात, आणि त्यांचा खर्च उरलेल्या थोड्या करदात्यांवर पडतो. डेट्रॉईटने २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा तेथील रस्त्यांवरचे सुमारे चाळीस टक्के दिवे बंद होते. २०१६ अखेर सुमारे ६५ हजार नवे दिवे बसवल्यावर शहर पुन्हा उजळले. डेट्रॉईटजवळच्या फ्लिंट शहरात खर्च वाचवण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला गेला आणि जुन्या नळांतील शिसे लोकांच्या घरात पोहोचले. अशा शहरात राहणाऱ्याला नगरपालिकेकडे डोळसपणे पाहावे लागते.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे क्लीव्हलंडला गेले होते. शहराच्या मध्यावरील पब्लिक स्क्वेअरपासून युक्लिड अव्हेन्यूने एक बस जाते. तिचे नाव हेल्थलाइन, कारण दोन मोठ्या रुग्णालयांनी त्या नावासाठी पैसे मोजले आहेत. ज्या शहराची ओळख एके काळी पोलादाने होत होती, तिथल्या मुख्य रस्त्यावरच्या बसला आता रुग्णालयांमुळे नाव आहे. मी त्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. आधी बँकांच्या जुन्या भव्य इमारती, मग बराच वेळ मोकळे भूखंड आणि फळ्या ठोकलेल्या खिडक्या, मग अचानक क्लीव्हलंड क्लिनिक या रुग्णालयाच्या काचेच्या इमारतींची लांबच लांब रांग, तिच्यापुढे विद्यापीठ, कलासंग्रहालय आणि वाद्यवृंदाचे सभागृह असलेला युनिव्हर्सिटी सर्कल. आणि तेथून काही मिनिटांत ईस्ट क्लीव्हलंड, जिथे छत कोसळलेली घरे मी बसच्या खिडकीतून पाहिली. तुम्ही पाहिलेली दृश्ये खोटी नाहीत. तुमची मुलगी त्यांच्यापासून दोन-तीन थांब्यांवर राहील आणि तिचा दिवस मात्र त्या इमारतींच्या रांगेत जाईल.

ती रांग हेच मी क्लीव्हलंड सुचवण्याचे कारण आहे. क्लीव्हलंड क्लिनिक १९२१ पासून तिथे आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे चित्रण करण्याची पद्धत १९५८ मध्ये तिथे सापडली, आणि १९६७ मध्ये रेने फावालोरो यांनी तिथेच बायपास शस्त्रक्रियेला आजचे रूप दिले. विद्यापीठाचा बायोमेडिकल विभाग देशातील जुन्या विभागांपैकी आहे. प्रयोगशाळेतून रुग्णालयापर्यंत चालत जाता येईल अशा अंतरावर हे सगळे असणे, ही या विषयाच्या विद्यार्थिनीसाठी फार मोठी गोष्ट आहे. पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरानेही असेच केले. तेथील होमस्टेडचा प्रचंड पोलाद कारखाना १९८६ मध्ये बंद झाला, तरी विद्यापीठे, रुग्णालये आणि यंत्रमानवशास्त्र यांच्या जोरावर ते शहर सावरले. यंग्सटाउनला असा आधार नव्हता. तिथे १९ सप्टेंबर १९७७ रोजी कारखाना बंद करण्याची घोषणा झाली, सुमारे पाच हजार नोकऱ्या गेल्या, आणि १९५० मधील १ लाख ६८ हजारांची वस्ती आज ६० हजारांच्या आसपास आहे. ‘रस्ट बेल्ट’ (गंजलेला पट्टा, म्हणजे कारखाने बंद पडलेली शहरे) हे एकच नाव या सर्वांना लावल्यामुळे तुमच्यासारख्या पालकांची फार दिशाभूल होते.

आता व्हिसाचा भाग, जो पत्रात तुम्ही विचारलेला नाही, पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिक्षण संपल्यावर ओपीटीखाली (विद्यार्थी व्हिसावरच मिळणारी कामाची परवानगी) बारा महिने आणि तांत्रिक विषय असल्याने आणखी चोवीस महिने काम करता येते. पहिल्या वर्षात एकूण नव्वद दिवसांपेक्षा अधिक काळ बेरोजगार राहून चालत नाही. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी वर्षाला ८५ हजारांची मर्यादा आहे आणि त्यासाठी सोडत निघते. मात्र विद्यापीठे, त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था आणि ना-नफा संशोधन संस्था या मर्यादेत येत नाहीत. ज्या शहरात विद्यापीठ आणि त्याच्याशी जोडलेली रुग्णालये हेच मोठे रोजगारदाते आहेत, तिथे तुमच्या मुलीला सोडतीवर विसंबून न राहता उमेदवारी करता येईल. यात दोन अडचणी आहेत. अशा नोकरीतून खासगी कंपनीत जायचे झाले की सोडतीला सामोरे जावेच लागते, आणि संशोधन साहाय्यकाचा पगार कंपनीच्या मानाने कमी असतो. शिवाय या संस्था अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या संशोधन अनुदानावर चालतात, आणि २०२५ मध्ये अनेक ठिकाणी त्या अनुदानांना कात्री लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परदेशातून नव्याने येणाऱ्या एच-१बी कर्मचाऱ्यांसाठी एक लाख डॉलरच्या शुल्काचा आदेश निघाला. नियम असे भराभर बदलतात, म्हणून निर्णयाच्या आठवड्यात विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारा.

रुग्णालयांबाहेरची बाजू मात्र पातळ आहे. शर्विन-विल्यम्स, पार्कर हॅनिफिन, लिंकन इलेक्ट्रिक अशा जुन्या कंपन्या त्या परिसरात अजून आहेत, परंतु त्यांची बरीच कार्यालये उपनगरांत आहेत आणि तिथे गाडीशिवाय पोहोचणे कठीण आहे. नासाचे ग्लेन केंद्रही तिथेच आहे. तेथील सरकारी नोकरीला नागरिकत्व लागते, तेव्हा त्याची आशा धरू नये. बोस्टनमध्ये एक नोकरी गेली तर त्याच रस्त्यावर दुसरी शोधता येते. क्लीव्हलंडमध्ये ती गेली तर बहुधा शहर बदलावे लागेल. बोस्टनच्या बाजूचा हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे, आणि मी तो हलका लेखत नाही.

राहण्याविषयी थोडे. माझी विद्यार्थिनी क्लीव्हलंड हाइट्समधील एका जुन्या लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर राहत होती. भाडे खरोखर कमी होते, पण खिडक्यांच्या फटींतून वारा येई, म्हणून तिने चौकटींवर प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवला होता. जानेवारीचे गॅसचे बिल तिने फ्रिजवर लावून ठेवले होते; ते पाहून भाड्यातील बचतीचा मोठा वाटा कुठे जातो ते मला कळले. घरमालक दुसऱ्या राज्यात, त्यामुळे हीटर बंद पडला तेव्हा तिने दोन रात्री मैत्रिणीकडे काढल्या. त्यातून ती शिकली की करार करण्यापूर्वी हीटिंगचा खर्च कोणाकडे आहे हे विचारायचे आणि मागील हिवाळ्याचे बिल मागायचे. १९७८ पूर्वीच्या घरांच्या रंगात शिसे असू शकते व मालकाने त्याची माहिती देणे कायद्याने बंधनकारक आहे. घरात लहान मूल नसले तरी तो कागद वाचावा.

सुरक्षिततेबाबत मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. शहरातील गुन्हेगारीचे प्रमाण देशाच्या सरासरीहून बरेच जास्त आहे, पण ते सर्वत्र सारखे नसते. घर विद्यापीठाच्या बसमार्गावर घ्यावे, आणि रात्री प्रयोगशाळेतून एकटीने चालत न येता विद्यापीठाची वाहनसेवा वापरावी. याहून मला काळजी वाटते ती हिवाळ्याची. शहरालगतच्या एरी सरोवरावरून येणारे बर्फ पूर्वेकडील भागात अधिक पडते आणि नोव्हेंबर ते मार्च आभाळ करडे असते. डोंबिवलीत बारा महिने माणसांच्या गर्दीत वाढलेल्या मुलीला ते रिकामे रस्ते आणि चार वाजता मावळू लागणारा उजेड जड जातो. भारतीय कुटुंबे सोलन, वेस्टलेक अशा उपनगरांत पांगलेली आहेत. पार्मा येथे शिव-विष्णू मंदिर आहे, आणि १९७८ पासून दर वसंतात होणाऱ्या त्यागराज उत्सवाला देशभरातून रसिक येतात. पण पहिल्या हिवाळ्यात तिच्याजवळ गाडी नसेल, तेव्हा खोली दोन-तीन जणींसोबत घ्यावी, भाडे परवडते म्हणून एकटीने घेऊ नये.

पैसे भरण्यापूर्वी तिने विभागाकडे विचारावे की मागील दोन वर्षांत एमएस झालेले परदेशी विद्यार्थी आज कुठे काम करत आहेत, आणि त्यांतील किती जण त्याच रुग्णालयांत आहेत. उत्तर मोघम आले, तर दुसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना गाठून तोच प्रश्न करावा. ती उत्तरे आणि दोन्ही विद्यापीठांची प्रवेशपत्रे मला पाठवा. त्यांतून क्लीव्हलंडविरुद्ध काही निघाले, तर मी माझे मत बदलेन आणि तसे तुम्हाला कळवीन.

तुमची,
करिअर समुपदेशक