तिला राहायचंय, रुग्णालयाची तयारी आहे का?

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, मैत्रिणी परदेशाच्या तयारीला लागल्यात आणि तिला मात्र आपल्याच भागातल्या छोट्या रुग्णालयात काम करायचंय. "दोन वर्षांत कंटाळून तीही जाईल, मग आत्ताच का नको?" असं तुम्ही विचारलंय.

तुमची भीती खोटी नाही. पगार कमी म्हणून मुली जातात, पण तेवढ्यासाठीच नाही. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकटीवर, अडलं तर विचारायला सीनियर नाही, रजा मागावी तर बदली कोणी नाही. नव्या मुलीची उमेद इथे संपते. निव्वळ बॉण्डवर थांबलेली मुलगी मुदत संपली की निघते.

पण मुळात त्या भागातलीच मुलं तिथे जास्त टिकतात. जपानच्या जिची वैद्यकीय विद्यापीठात १९७२ पासून प्रत्येक प्रांतातून विद्यार्थी निवडतात. शिकून आपल्याच प्रांतात साधारण नऊ वर्षं सेवा केली की फी माफ होते, आणि मुदतीनंतरही बरेच डॉक्टर तिथेच राहिले. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची मार्गदर्शक तत्त्वंही ग्रामीण भागातल्याच मुलांना प्रवेश द्या म्हणतात; सोबत राहायची सोय आणि पुढच्या शिक्षणाची वाटही द्या म्हणतात. मुलीची इच्छा म्हणजे भाबडेपणा नव्हे. रुग्णालयाने आपली बाजू सांभाळायला हवी, एवढंच.

म्हणून होकार देण्याआधी तिने मेट्रनना, म्हणजे मुख्य परिचारिकांना, भेटून विचारावं: पहिले सहा महिने माझ्यासोबत ड्युटीला कोण असेल? रात्री अडचण आली तर फोन कोण उचलेल? क्वार्टर आहे का, सुरक्षित आहे का? दोन-तीन वर्षांनी पगारी रजेवर स्पेशलायझेशन करता येईल का? उत्तरं नेमणूकपत्रात लिहून घ्यावीत. मूळ प्रमाणपत्रं मात्र कुणाकडेही ठेवायला देऊ नयेत, ही माझी कळकळीची विनंती. तिथे नुसतं "बघू, होईल" ऐकू आलं, तर तिने दुसरं रुग्णालय पाहावं.

आणि पुढे कधी ती गेलीच, तर तिला अपराधी वाटू देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेची २०१०ची आचारसंहिताही आरोग्य कर्मचाऱ्यांचा स्थलांतराचा हक्क मान्य करते. मनुष्यबळाची तीव्र टंचाई असलेल्या देशांतून सक्रिय भरती टाळायची जबाबदारी ही आचारसंहिता भरती करणाऱ्या देशांवर टाकते.

परदेशी जाण्यासाठी द्यावी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची घाई आत्ता नको. त्या परीक्षेचा निकाल सहसा दोनच वर्षं चालतो.