जुन्या धनुष्याला दोरी कोणती लावावी?

१९६० च्या सुमाराचं, बेअर या अमेरिकन कंपनीचं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) हाती लागलं, मनापासून अभिनंदन! पण दोरी मागवायची घाई करू नकोस. आधी दोन्ही टोकं उजेडात नेऊन बघ. दोरीचा फास बसतो त्या खाचेजवळ अंगठ्याचं नख हळूच फिरव. केसाएवढी चीर जरी नखाला लागली, तरी ते धनुष्य ओढू नकोस.

टोकं ठणठणीत असली तरी डेक्रॉनचीच दोरी घे, बी-५० किंवा बी-५५ या प्रकारची. हा पॉलिएस्टरचा धागा थोडा ताणतो आणि बाण सुटल्यावरचा हिसका बराचसा स्वतः पचवतो. फास्ट फ्लाइटसारखे धागे १९८० च्या दशकात आले. ते जवळजवळ ताणतच नाहीत. बाण जरा वेगात जातो खरा, पण सगळा हिसका टोकांवर येतो, आणि जुनी टोकं त्यासाठी बनवलेलीच नव्हती. एवढ्याशा वेगासाठी साठ वर्षं टिकलेली वस्तू पणाला लावणं मला पटत नाही.

ओढायला ४५ पौंडांचा जोर लागणाऱ्या धनुष्याला दोरीत १४ पदर पुरे. फास मात्र जाड हवा. बारीक फासाने माझ्या एका धनुष्याची खाच कापली गेली, अजून हळहळ वाटते.

लिननची (जवसाच्या धाग्याची) दोरी इंग्लिश लाँगबोवर, म्हणजे उंच, सरळ लाकडी धनुष्यावर, फार देखणी दिसते. पण तिला मेण चोळत राहावं लागतं आणि ती अवचित तुटते. ती हौस नंतर.

नवी डेक्रॉन सुरुवातीला लांबते. दोरी आणि मुठीतलं अंतर कमी झालं की ती उतरवून चार-पाच पीळ वाढव आणि परत मोज.